लांडगा मारावा की राखावा? माळरानावरच्या जुन्या भांडणाची गोष्ट

भारतात वाघ किती आहेत, हे बऱ्याच जणांना ढोबळ का होईना माहीत असतं. २०२२ च्या गणनेत तो आकडा ३,६८२ आला होता आणि त्याच्या बातम्याही भरपूर झाल्या. लांडगे किती आहेत, असं विचारलं तर मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी भारतीय लांडग्यांचा अंदाज मांडला, तो साधारण ३,१०० चा होता. म्हणजे आपल्याकडे लांडगे वाघांपेक्षा कमी आहेत. सगळ्यात जास्त मध्य प्रदेशात, मग राजस्थान आणि गुजरात. महाराष्ट्राचा नंबर चौथा, आणि आकडा चारशेच्या आत.

तरीही लांडग्यासाठी व्याघ्र प्रकल्पासारखा देशव्यापी प्रकल्प नाही, पर्यटकांच्या रांगा नाहीत, टपाल तिकिटांवर त्याचा रुबाब नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट लहानपणी ऐकलेली असते आणि तो लबाड, हावरट असतो हे तिथेच ठरून जातं. (लांडगे हे आपल्याकडचं चांगलं रुळलेलं आडनाव आहे आणि लांडगेवाडी नावाचं गावही आहे, हे जाता जाता.)

हा प्राणी मारावा की राखावा, यावर जगभर वाद आहे. आपल्याकडचा वाद मात्र युरोप-अमेरिकेसारखा नाही. इथे एका बाजूला कायदा आहे आणि दुसऱ्या बाजूला पाठीवर बिराड घेऊन फिरणारा मेंढपाळ. मधल्या माळरानावर दोघांचाही जीव अवलंबून आहे.

लांडगा ओळखायचा कसा?

गावात 'लांडगा दिसला' अशी बातमी येते तेव्हा पुष्कळदा तो कोल्हा असतो, तरस असतं किंवा एखादं रानभर फिरणारं कुत्रं असतं. कोल्हा अंगाने लहान, तोंड निमुळतं. तरसाचा पुढचा भाग उंच, मागचा उतरता आणि अंगावर पट्टे. लांडग्याचे पाय लांब, छाती अरुंद, रंग माळावरच्या वाळक्या गवतासारखा पिवळसर-करडा. भारतीय लांडग्याचं वजन साधारण २० किलोच्या आसपास भरतं. सिनेमात दिसणारे केसाळ, धिप्पाड लांडगे थंड प्रदेशातले. आपला त्यांच्यापुढे सडपातळ दिसतो, कारण त्याला उन्हात राहायचं असतं.

तो दिसायला साधा असला तरी त्याचं कूळ फार जुनं आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं की आज जिवंत असलेल्या लांडग्यांच्या वंशांमध्ये भारतीय लांडग्याची शाखा सगळ्यात आधी फुटलेल्या शाखांपैकी आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतले लांडगे त्या मानाने अलीकडचे. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याचा स्वतंत्र विचार करून त्याला 'असुरक्षित' या वर्गात टाकलं. तोवर 'जगात लांडगे भरपूर आहेत' या एका वाक्यात आपलेही लांडगे झाकले जात होते.

तो राहतो कुठे?

जंगलात नाही, आणि सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे.

पुणे जिल्ह्यातले इंदापूर, बारामती, पुरंदर, दौंड हे तालुके, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा, मराठवाड्याचा काही भाग, म्हणजे जिथे पाऊस कमी, झाडं विरळ आणि माळ मोठा तिथे लांडगा असतो. काळवीट, चिंकारा, ससे, उंदीर हे त्याचं रानातलं खाणं. काळवीट आणि चिंकारा जिथून गेले तिथे त्याचं पोट मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर आणि गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर भरतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या सुमारे ८९,००० चौरस किलोमीटर भागाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्या, लांडगा आणि तरस हे तिन्ही प्राणी शेती आणि वस्तीच्या भागात दूरवर पसरलेले आढळले. लांडग्याचा वावर यातल्या निम्म्याहून अधिक भागात होता आणि त्यातला अगदी थोडा भाग अभयारण्यांत येतो. याचं गणित सोपं आहे. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. लांडग्यांची एक टोळी दोनशे चौरस किलोमीटर किंवा त्याहूनही मोठ्या भागात फिरते. म्हणजे अभयारण्य तिच्या लेखी अंगणाएवढं. उरलेला मुलूख शेतकऱ्याचा, गायरानाचा, वनखात्याचा आणि आता औद्योगिक वसाहतींचा.

शिवाय माळरान ही आपल्या सरकारी दप्तरात कायम सावत्र राहिलेली जमीन आहे. इंग्रजांच्या महसूल खात्याला जिथून सारा मिळत नाही ती 'पडीक', आणि जिथे लाकूड नाही तेही पडीकच. तो शब्द आपण जसाच्या तसा ठेवला. पडीक म्हटलं की ती कशालाही देता येते. कालवा आला की ऊस, वीज हवी की सौर प्रकल्प, आणि काहीच नसेल तर वृक्षारोपण. माळावर खड्डे खणून गिरीपुष्प लावलं की कागदावर हिरवळ वाढते. खाली मात्र गवत जातं, गवताबरोबर चिंकारा जातो आणि मेंढ्यांची चराईही. या एका बाबतीत लांडगा आणि धनगर एकाच बाजूला उभे आहेत. दोघांचंही नुकसान झाडं लावणाऱ्यांनी केलंय, असं म्हणायला हरकत नाही.

मेंढपाळाचं नेमकं काय जातं?

शहरातून पाहिलं तर 'एक मेंढी गेली' एवढंच दिसतं. वाड्यावरून पाहिलं तर चित्र वेगळं असतं.

धनगरांचे वाडे पावसाळा संपला की बाहेर पडतात. घोड्यांवर बिराड, मागे मेंढरं, कुत्री, कोंबड्या, लहान मुलं. काही कोकणाच्या दिशेने उतरतात, काही देशावरच फिरतात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. लेंडीचं खत शेतकऱ्याला मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे. रात्री मेंढरांभोवती वाघर लावतात. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेली जाळी. नावात वाघ असला तरी खरा पाहुणा बहुधा लांडगाच असतो.

लांडग्याच्या दोन पद्धती. दिवसा चरताना तो ओढ्याच्या आडोशाने येतो आणि मागे राहिलेलं एखादं कोकरू किंवा लंगडी मेंढी उचलतो. मेंढका ओरडत धावेपर्यंत तो शंभर पावलं पुढे गेलेला असतो. रात्रीचा हल्ला याहून वाईट. वाघरीच्या आत शिरला की मेंढरं पळू शकत नाहीत, एका कोपऱ्यात गर्दी करतात, आणि तो एकापाठोपाठ एक फाडत जातो. खायला एक लागते, मरतात पाच-दहा. काही चेंगरून मरतात. हे पाहिल्यावर 'लांडगा गंमत म्हणून मारतो' असं माणसाला वाटणारच. रानात मात्र असा प्रसंग क्वचित येतो, कारण एक हरीण पकडलं की बाकीची केव्हाच पळालेली असतात. समोर भक्ष्य हलत राहिलं की शिकारी प्राण्याची झडप थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मेंढी म्हणजे मेंढपाळाची बँक. लग्न, दवाखाना, मुलाची फी, सगळं दोन-चार मेंढरं विकून भागतं. गाभण मेंढी गेली तर तिच्याबरोबर पुढचं कोकरूही जातं. मेलेल्या मेंढीच्या पैशात तशीच मेंढी बाजारात मिळेल असंही नाही, कारण चालायला काटक, त्या रानाची सवय झालेली मेंढी बाजारात सहसा कुणी विकायला काढत नाही. लांडग्याला शिव्या घालणारा मेंढपाळ तरीही दरवेळी त्याच्या जिवावर उठत नाही. वर्षाला दोन-चार मेंढरं त्याच्या वाट्याची, असं धरून चालणारे अनेक जण आहेत. ही सहनशीलता पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि महाराष्ट्रात लांडगा टिकला त्याचं मोठं श्रेय तिला आहे. अर्थात सगळेच असे नसतात. गुहेत धूर करून किंवा तोंडाशी दगड रचून पिल्लं मारणं आणि उष्ट्या मेंढीवर विष टाकणं, हेही माळावर होत आलेलं आहे. विषाचा फटका एकट्या लांडग्याला बसत नाही. त्या मढ्यावर येणारी गिधाडं, कोल्हे, तरस आणि धनगराची स्वतःची कुत्रीही मरतात.

मग सरकार भरपाई देत नाही का?

देतं. महाराष्ट्रात वन्यप्राण्याने शेळी किंवा मेंढी मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती मिळण्याची तरतूद आहे. आकडा वाईट नाही, खरी अडचण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची आहे.

भरपाईसाठी वनखात्याला वेळेत कळवावं लागतं, मृत जनावर जागेवरून हलवायचं नसतं, वनकर्मचारी येऊन पंचनामा करतात, पशुवैद्यकाचा दाखला लागतो, बँकेचं खातं लागतं. गोठ्यात दोन गाई असलेल्या, गावात घर असलेल्या शेतकऱ्याला हे जमतं. आता हेच फिरत्या मेंढपाळाला लावून बघा. त्याचं गाव दीडशे किलोमीटर दूर. आज ज्या शिवारात तळ आहे तिथला वनरक्षक कोण, हे त्याला माहीत नाही. उद्या सकाळी वाडा हलवायचा, कारण शेतकऱ्याला रान मोकळं हवंय. आणि लांडग्याने कोकरू तोंडात धरून नेलेलं असेल तर पंचनामा कशाचा करणार? शिवाय मेंढरं वनखात्याच्या जमिनीवर चरत असताना हल्ला झाला असेल तर तक्रार करायला जाणं म्हणजे चराईबंदी मोडल्याची कबुली देणं. त्यामुळे तो कळवतच नाही. त्याचं नुकसान कागदावर येत नाही, आणि कागदावर नाही म्हणजे लांडग्यांचा त्रास नाही, असा निष्कर्ष निघतो.

सोलापूर आणि अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, अशा दोन ठिकाणच्या लांडगा-भरपाईची तुलना करणारा एक शोधनिबंध २०१० मध्ये आला होता. विस्कॉन्सिनमध्ये अस्वलाच्या शिकारीला नेलेलं कुत्रं लांडग्याने मारलं तर त्याचे २,५०० डॉलरपर्यंत मिळतात. हौसेच्या शिकारीतल्या कुत्र्याला एवढी किंमत आणि पोटासाठी पाळलेल्या मेंढीला ७५ टक्क्यांवर मर्यादा. भरपाई कुणाला मिळते हे पुष्कळदा नुकसानीपेक्षा आवाज कुणाचा मोठा आहे यावर ठरतं, ते असं.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. त्याला मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. एखादा लांडगा माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, किंवा बरा होणार नाही इतका जखमी वा आजारी असला, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. तीही पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल तर. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा नाही. मेंढीचा जीव वाचवताना मेला तर मात्र ही सूट नाही.

या कायद्याआधीचा काळ नेमका उलट होता. इंग्रजी राजवटीत लांडगा मारला की इनाम मिळायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले. आज ३,००० च्या घरात उरलेल्या प्राण्याचा हा मागचा हिशेब आहे.

बहराइचमध्ये काय झालं होतं?

२०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्याच्या महसी भागात लांडग्यांनी आठ-दहा माणसांचा जीव घेतला. मरणारी बहुतेक लहान मुलं होती. सरकारने 'ऑपरेशन भेडिया' सुरू केलं, ड्रोन उडवले, पिंजरे लावले, मुलांच्या लघवीत भिजवलेल्या बाहुल्या आमिष म्हणून ठेवल्या. सहा लांडग्यांपैकी पाच पकडले, सहावा गावकऱ्यांनी मारला. पुढच्या वर्षी त्याच जिल्ह्यात पुन्हा हल्ले झाले आणि तेव्हा काही लांडग्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

असं पूर्वीही झालंय. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशातच लांडग्यांनी अनेक मुलं उचलून नेली होती. तेव्हा लांडग्याचं रूप घेणारा माणूस फिरतोय अशी अफवा उठली आणि अनोळखी माणसांना जमावाने मारहाण केली.

या घटना खोट्या नाहीत आणि 'लांडगा माणसावर कधीच हल्ला करत नाही' असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. पण त्या कुठे घडतात ते पाहायला हवं. नदीकाठचे, पुराने वेढलेले, अतिशय गरीब भाग, दारं नसलेली घरं, अंगणात झोपलेली मुलं, आणि भोवती रानातलं भक्ष्य जवळजवळ संपलेलं. जगभरात २००२ ते २०२० या काळात लांडग्यांनी ४८९ माणसांवर हल्ले केल्याची नोंद एका नॉर्वेजियन संस्थेच्या अहवालात आहे. त्यातल्या ३८० घटनांत लांडग्याला रेबीज होता. रेबीज झालेला लांडगा शिकार करत नाही, समोर येईल त्याला चावत सुटतो, आणि तो काही दिवसांत स्वतःही मरतो. चावा बसला की जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठायचा आणि लशीबरोबर जखमेत द्यायचं सीरमही मागायचं. लांडगा होता की कुत्रा, यावर चर्चा नंतर करता येते.

मुलं मारणारा लांडगा असेल तर त्याला तातडीने पकडावं किंवा मारावं लागतं, आणि कायद्यात त्याची सोय आहे. त्यात उशीर झाला की लोक स्वतः काठ्या घेऊन निघतात. मग दोषी लांडगा कोणता याचा कुणी विचार करत नाही, आणि सोलापूरचा मेंढीचोर बहराइचच्या व्हिडिओपायी मार खातो.

परदेशात वाद कुठवर आलाय?

युरोपात लांडगे वाढलेत, २०,००० च्या वर गेलेत. २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांचं डॉली नावाचं तट्टू जर्मनीत लांडग्याने मारलं, त्याची बरीच चर्चा झाली. मार्च २०२५ पासून बर्न करारात लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आलं आणि युरोपीय संघानेही तेच केलं. अमेरिकेत १९९५-९६ मध्ये यलोस्टोनमध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. आज तिथल्या काही राज्यांत परवाना काढून शिकार करता येते. 'युरोपसुद्धा मारायला लागलं' हा दाखला आपल्याकडे दिला जातो तेव्हा तिथली संख्या वाढत होती, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

कुत्र्यांचा धोका

गेल्या काही वर्षांत लांडग्यांपुढे गोळी आणि विषापेक्षा वेगळं संकट उभं आहे. पुणे जिल्ह्यात विचित्र रंगाचे 'लांडगे' दिसू लागले होते. २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं की ते लांडगा आणि गावठी कुत्रा यांचा संकर आहेत. गावाबाहेर कोंबडी-खाटीकखान्याचा कचरा पडतो, त्यावर कुत्र्यांच्या झुंडी पोसल्या जातात, आणि जोडीदार न मिळालेला एकटा लांडगा तिथे येतो. असं चालू राहिलं तर लाखो वर्षांचा वंश विरघळायला कुणी एक काठीही उचलावी लागणार नाही. याच कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपरही लांडग्यांत जातो. शिवाय मेंढरं मारणाऱ्या कुत्र्यांचं खापर लांडग्यावर फुटतं ते वेगळंच.

मेंढपाळांना आणि गावांना काय करता येतं?

रात्रीचं नुकसान रोखता येतं, दिवसाचं कमी करता येतं. उंच आणि पक्की वाघर, कोकरांसाठी वेगळी बंदिस्त डालगी, वाड्याभोवती चमकणारे सौर दिवे, आणि मुख्य म्हणजे चांगली राखणीची कुत्री. लांडगे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास वितात, त्यानंतर पिल्लांसाठी त्यांना मांस जास्त लागतं. त्या महिन्यांत गुहेच्या परिसरात तळ टाकायचा नाही, हे जुन्या मेंढक्यांना माहीत असतं.

वनखात्याने पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे २०२३ पासून गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय. लांडगा पाहायला लोक पैसे मोजतात हे त्यातून दिसलं. त्या पैशातला वाटा गावाला मिळतो हे चांगलंच, पण मेंढी ज्याची गेली तो फिरता मेंढपाळ त्या गावचा रहिवासी नसतो. त्याच्यासाठी पंचनामा मोबाइलवरच्या फोटोवरून, कोणत्याही तालुक्यात आणि चराईच्या गुन्ह्याची भीती न दाखवता व्हायला हवा.

आणि तुम्हाला माळावर कधी लांडग्याची पिल्लं दिसली तर उचलू नका. आई शिकारीला गेलेली असते, ती परत येते. फोटो काढला तरी जागेचं नाव टाकू नका. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा टोल-फ्री नंबर आहे, तिथे कळवा आणि तिथून निघून जा.